तीन जबान्यांचा उपग्रह

देवासचे खंडोजी फणसे निवृत्त झाले, पण त्यांची नजर काही निवृत्त झाली नाही. सारी उमर त्यांनी एका कारखान्याच्या गेटवर झडतीचं काम केलं. संध्याकाळचा भोंगा झाला की कामगारांची रांग लागे आणि खंडोजी एकेकाचे खिसे, डबे, बूट तपासून त्याला बाहेर सोडत. डब्यात भाजीखाली तांब्याची तार सापडली होती, पायमोज्यात बेअरिंग सापडलं होतं, आणि एकदा तर एका गंध लावणाऱ्या भल्या गृहस्थाच्या पोथीच्या बासनात ड्रिलची पाती निघाली होती. त्या दिवसापासून खंडोजींचा गंधावरचाही विश्वास उडाला.

सगळी रांग संपली की शेवटी खंडोजी स्वतः गेटच्या मधोमध उभे राहत, दोन्ही हात वर करत आणि पुढच्या पाळीच्या शिपायाला म्हणत, "घे माझी." तिथला रिवाजच होता तो. झडती घेणाऱ्यानेही झडती दिल्याशिवाय घरी जायचं नाही. बाकीचे शिपाई आपसात टंगळमंगळ करीत, एकमेकांना तसेच सोडून देत. खंडोजी कधी तसे सुटले नाहीत. त्यामुळे लोकांना झडतीचा राग का येतो हे त्यांना खरोखरच कळत नसे. लपवायचं काही नाही तर चिडायचं कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब.

हाच हिशेब नोकरी संपल्यावर घरी आला आणि तिथे ठाण मांडून बसला. बाजारातून पिशवी आली की खंडोजी ती ओट्यावर उपडी करत आणि वांगंन् वांगं फिरवून पाहत. रुक्मिणीबाई म्हणत, "अहो, वांगं आहे ते. कामगार नव्हे." देवासात एके काळी दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. फणसे थोरल्या पातीकडचे. गाद्या गेल्या, राज्यं गेली, पण रस्त्याच्या त्या बाजूच्या, म्हणजे धाकट्या पातीच्या दुकानातलं दूध खंडोजी आजही आधी बोट बुडवून बघत. दुधाने कधी तोंड पोळलं नव्हतं, तरी ताक फुंकून पिणारा हा माणूस.

एवढं असतं तर चाललं असतं. पण घरात लग्नाची मुलगी होती. नीतू, एकुलती एक. एका खासगी दवाखान्यात कंप्युटरवर काम करायची, तिशी ओलांडली होती, आणि दोष म्हणाल तर तिच्यात एवढाच की ती खंडोजींची मुलगी होती. माळव्यात मराठा घरं मोजकी. त्यातली निम्मी नात्यात, उरलेल्या निम्म्यांतून जे स्थळ येई ते खंडोजी गेटवरूनच परत पाठवत. एका मुलाने सांगितलं मी इंदूरला राहतो, आणि त्याच्या बापाच्या तोंडून निघालं, महूला. दोन जबान्या! स्थळ खलास. पुढे कळलं की पोरगा आठवडाभर इंदूरला असायचा आणि रविवारी महूला घरी यायचा. तोवर त्याचं लग्नही होऊन गेलं होतं.

म्हणून धारच्या भोइट्यांचं स्थळ आलं तेव्हा नीतूने आईसमोरच बापाला सांगून टाकलं. "आबा, ही लास्ट टाइम. तुम्ही ह्यालाही पळवलंत ना, तर ह्याच्यानंतर मी पोहे घेऊन बाहेर येणार नाही. कुणासमोरच नाही. कभी नहीं."

ती हे रडून बोलली असती तर खंडोजींनी मनावर घेतलं नसतं. रडण्यातही खोट असू शकते. पण ती अगदी शांतपणे बोलली, आणि त्यात खोट काढायला खंडोजींना जागाच सापडली नाही.

मुलगा, अंशुल, आईला घेऊन आला. वडील नव्हते. काळासावळा, उन्हात फिरलेला, मराठी बोलता बोलता मध्येच हिंदीत जाणारा. नीतूने पोहे आणले. वरून शेव, जिरावण मसाला, सगळं यथासांग. अंशुलच्या आईने पोरीकडे असं पाहिलं की रुक्मिणीबाईंना तिथल्या तिथे देवाला नारळ बोलावासा वाटला. खंडोजींनी चमचा खाली ठेवला आणि खडा टाकून पाहिला.

"काम काय करता आपण?"

"काकासाहेब, मी छतरी लावतो," अंशुल म्हणाला. छतरी म्हणजे गच्चीवरची ती गोल डिश. "गावोगावच्या बँकांत, जिथे लाइन पोहोचत नाही तिथे. मनावर गाव, सरदारपुर, सगळा धार जिल्हा माझ्याकडे. सॅटेलाइटशी जोडून देतो."

"मग ती रोज फिरवावी लागत असेल."

"नाही ना. एकदा नेम धरून लावली की झालं. सॅटेलाइट तर आपल्यासाठी एकाच जागी उभा आहे."

"उभा? कशावर?"

"कशावरच नाही. तो पळतोय. एका सेकंदात तीन किलोमीटर."

खंडोजींचे कान टवकारले. गेटवर असा क्षण आला की ते मुद्दाम आवाज मऊ करत. आत्ताही तो त्यांनी लोण्यासारखा केला. "असं होय. मग इतक्या उंचावरून तो पडत कसा नाही?"

"पडतो तर आहे," अंशुल हसून म्हणाला. "पूर्ण टाइम पडतच असतो, काकासाहेब."

झालं! उभा आहे, पळतोय आणि पडतोय. एका तोंडाच्या तीन जबान्या, आणि त्याही हसत हसत. गेटवर दोन जबान्या झाल्या की माणसाला बाजूला घेत. तीन झाल्या की साहेबाकडे नेत. खंडोजींनी "चौकशी करून कळवतो" म्हटलं, आणि पाहुणे चहाचा दुसरा कप न घेता गेले.

ते गेल्यावर नीतू म्हणाली, "आबा, तिन्ही खरं आहे. शाळेत शिकवलं होतं. मला नीट समजावता नाही येत, पण खरं आहे."

"तू आत्तापासूनच त्याची बाजू घेतेस? आधीची ओळख आहे का?"

नीतूने बापाकडे एकदा पाहिलं. मग ताटल्या उचलल्या, पोह्याचं पातेलं घासून पालथं घातलं आणि ती खोलीत निघून गेली. रुक्मिणीबाई एरवी टोमणा मारल्याशिवाय राहत नसत, पण त्या दिवशी त्याही गप्प बसल्या. खंडोजींना ती शांतता मुळीच आवडली नाही. गेटवर जो गप्प असे त्याच्याकडे हमखास काहीतरी सापडे. पण इथे काय सापडणार होतं, ते त्यांना मनातल्या मनात ठाऊक होतं आणि म्हणूनच ते शोधायला जात नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते धारला निघाले. चौकशी म्हणजे चौकशी. इंदूरला बस बदलली, खिडकीची जागा पकडली. चौपदरी रस्त्याला लागल्यावर बाजूच्या पट्ट्यातून दुसरी एक बस आली आणि ह्यांच्या बसच्या बरोबरीने चालू लागली. त्या बसच्या खिडकीत एक बाई शेंगा सोलत बसली होती. खंडोजींनी सवयीने तिच्यावर नजर ठेवली. शेंग फोडायची, दाणे पदरात टाकायचे, टरफल खिडकीबाहेर. बराच वेळ ती बाई खंडोजींच्या नाकासमोर तिथल्या तिथे होती. पुढे नाही, मागे नाही. घरच्या ओसरीवर बसलेली शेजारीण असावी तशी.

आणि एकाएकी खंडोजींना चमकल्यासारखं झालं. ही बाई उभी आहे. आणि ही बाई पळतेही आहे. चांगली भरधाव पळते आहे. दोन जबान्या, आणि दोन्ही खऱ्या!

खंडोजींना ह्याचा आनंद झाला असेल असं कुणाला वाटेल तर त्याने खंडोजी ओळखले नाहीत. त्यांना संताप आला. बाई उभी दिसते, कारण आपण स्वतः तेवढेच पळतो आहोत. म्हणजे वर तो उपग्रह पळतो आणि खाली आपण, आपली छतरी, आपलं देवास, सगळे पृथ्वीबरोबर फिरत असतो! मग हे त्या पोराने सांगितलं का नाही? सरळ सरळ लपवलं! ही आरोपाची कलमं मनात वाढवत ते धारच्या स्टँडवर उतरले. पण कलमं वाढवताना एक गोष्ट त्यांना टाळता आली नाही. तीनपैकी दोन जबान्या निर्दोष सुटल्या होत्या.

भोइट्यांच्या गल्लीच्या तोंडाशी पानाची टपरी होती. खंडोजींनी पान लावायला सांगितलं आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"अंशुल भिया?" पानवाला म्हणाला, "हीरा आदमी है, साब. क्यों, रिश्ते वाले हो क्या?"

"नाही, नाही. ऐसे ही."

"पीता नहीं, खेलता नहीं, माँ को डॉक्टर के यहाँ खुद ले के जाता है."

इतकी स्तुती! खंडोजींना वाटलं, नक्की पढवून ठेवला आहे. मग त्यांनी पिठाच्या गिरणीत विचारलं, सायकलवाल्याला विचारलं, देवळाच्या पायरीवर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांना विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं. गेटवर सगळी रांग एकच गोष्ट सांगू लागली की खंडोजी समजत, आज काहीतरी मोठं बाहेर जाणार आहे. सायकलवाला म्हणाला, भिया आज मांडूला गेलेत, बँकेची छतरी वादळात हलली. खंडोजी मांडूच्या गाडीत बसले. रंगेहाथ पकडायचं तर कामावरच पकडायला हवं.

मांडूत बँकेसमोर एक जुनी गोरखचिंच होती, हत्तीच्या पायासारख्या बुंध्याची. खंडोजी तिच्या आड उभे राहिले. गच्चीवर अंशुल दक्षिणेकडे तोंड केलेल्या छतरीशी झटत होता. हातातलं यंत्र कुंईकुंई करत होतं. तो छतरी केसभर सरकवायचा, थांबायचा, ऐकायचा, पुन्हा केसभर मागे घ्यायचा. एकदा आवाज लागला. बँकेचा माणूस खालून ओरडला, "हो गया, भिया, आ गई लाइन!" तरी अंशुल समाधानी नव्हता. त्याने पुन्हा सगळं सैल केलं आणि पहिल्यापासून नेम धरला. कुणी सांगितलं नसताना दुसऱ्यांदा तपासणारा माणूस खंडोजींनी आयुष्यात एकच पाहिला होता, तोही आरशात. त्यांना तो पोरगा आवडायला लागला आणि ते फार अस्वस्थ झाले.

"काकासाहेब!" गच्चीवरून हाक आली. "उन्हात का उभे? या ना, चहा घेऊ."

पकडायला आलेले पकडले गेले. बरं, पोराने "इथे कसे?" असं एका शब्दाने विचारलं नाही. चहा सांगितला, स्वतः रिकाम्या पिंपावर बसला आणि खंडोजींना खुर्ची दिली. खंडोजींनी चहा संपेपर्यंत कसंबसं धरलं. मग म्हणाले, "उभा आहे ते कळलं. पळतो तेही कळलं. पण आपणही पळतो हे तू लपवलंस."

"लपवलं नाही, काकासाहेब. तुम्ही पुढचं विचारलं."

खंडोजींनी कप खाली ठेवला. "बरं. मग पडतो ते दाखव."

अंशुल त्यांना गावाबाहेर कड्याशी घेऊन गेला. मांडूचं पठार तिथे एकदम संपतं आणि खाली खोल दरी आहे. त्याने एक दगड उचलला आणि नुसता हातातून सोडला. तो पायाशी पडला. दुसरा आडवा फेकला. तो कड्याच्या पुढे गेला आणि दरीत उतरला.

"सोडला तेव्हाही पडला, फेकला तेव्हाही पडला. फरक एवढाच, फेकला तो पडता पडता पुढे गेला. आणि इथे जमीनच खाली गेलीय, म्हणून त्याला जास्त वेळ पडता आलं. बरोबर?"

"पुढे बोल."

"आता समजा इतक्या जोरात फेकला की एका सेकंदात आठ किलोमीटर जाईल. तेवढ्या एका सेकंदात दगड पाच मीटर खाली येणार. पण धरती गोल आहे ना. आठ किलोमीटर पुढे गेलं की जमीनही पाच मीटर खाली वळलेली असते. मग दगड जमिनीच्या किती जवळ आला?"

खंडोजींनी डोळे मिटले. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. "जवळ आलाच नाही."

"पण पडला की नाही?"

"पडला. पडला तर!"

"पुढच्या सेकंदात पुन्हा पडला, जमीन पुन्हा वळली. असाच पडत पडत पूर्ण चक्कर मारून परत आपल्या डोक्यावर. फक्त मध्ये हवा नको, ती जोर खाऊन टाकते. म्हणून वर, हवेच्या बाहेर. माझा सॅटेलाइट तर पार छत्तीस हजार किलोमीटर वर आहे. तिथे धरतीची ओढ कमी, म्हणून तीन किलोमीटरच्या चालीने भागतं. एका चकरेला अख्खा दिवस लागतो."

"धरतीलाही दिवसच लागतो," खंडोजी हळूच म्हणाले. "बसमधली बाई."

"कोण बाई?"

"काही नाही."

मग चौसष्ट वर्षांच्या खंडोजींनी एक दगड उचलला, बाही सरसावली आणि जिवाच्या कराराने दरीत भिरकावला. खांदा कटकन वाजला. दगड गेला, वाकला, खाली खाली गेला. ते कड्याशी उभे राहून पाहत राहिले. तिन्ही जबान्या खऱ्या होत्या. पोरगा हसत होता तो खोटेपणाने नव्हे, त्याला ह्या गोष्टीची गंमत वाटत होती म्हणून. आणि तो इंदूर-महूवालाही खरंच बोलत होता. आणखी किती जण खरं बोलत होते कोण जाणे. खंडोजींना एकदम थकल्यासारखं वाटलं. त्यांनी उगाच एक छोटा दगड उचलून खिशात टाकला.

तेवढ्यात अंशुलचा फोन वाजला. त्याने ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. "आई आहे. पानवाल्याने, गिरणीवाल्याने, सगळ्यांनी येऊन सांगितलं. ती म्हणते, चोरासारखी गल्लीभर आमची चौकशी झाली. जिथे आधीच भरोसा नाही तिथे सोयरीक नको." त्याने फोन खिशात टाकला. "तिने तुम्हाला 'नाही' असं कळवायला सांगितलंय, काकासाहेब."

खंडोजींच्या डोळ्यांसमोर ते पालथं घातलेलं पोह्याचं पातेलं आलं.

"मला तुझ्या घरी ने," ते म्हणाले.

अंशुलच्या फटफटीवर मागे बसून ते धारला आले. वाटभर त्यांनी बोलायच्या गोष्टी जुळवल्या आणि एकही धड जुळली नाही. भोइट्यांचं दार उघडंच होतं. अंशुलची आई उंबऱ्यात उभी होती. ती "या" म्हणाली नाही. शेजारच्या दोन बायका आपापल्या दारात आल्या, पानवाला टपरी सोडून गल्लीत आला.

खंडोजी उंबऱ्याच्या अलीकडे थांबले. खांद्यावरची पिशवी त्यांनी ओट्यावर उपडी केली. चष्म्याचं घर, पाण्याची बाटली, रुक्मिणीबाईंनी दिलेल्या दशम्या. मग खिसे उलटे केले. सुपारी, बसची तिकिटं, रुमाल, एक छोटा दगड. आणि जशी सारी उमर केली तसे दोन्ही हात वर करून ते उभे राहिले.

"घ्या माझी," ते म्हणाले. "तुमची झाली. रिवाज आहे, झडती घेणाऱ्यानेही द्यायची असते. मी कधी चुकवलेली नाही."

अंशुलच्या आईला हसावं की रागवावं कळेना. ती पुढे झाली आणि ओट्यावरचा दगड बोटाने हलवला. "हे काय?"

"मांडूचा दगड. मी उचलला. न विचारता," खंडोजी म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखरच चोरी सापडल्यासारखा झाला होता.

पानवाला फिस्सकन हसला. अंशुलच्या आई मात्र हसल्या नाहीत. खंडोजींचे हात वरच होते, आणि दुखरा खांदा थरथरत होता. तो खांदा बाईंनी पाहिला.

"एकच विचारते," त्या म्हणाल्या. "मुलगी तिशीची झाली. रूप आहे, नोकरी आहे, घराणं आहे. इतकी वर्षं जमलं का नाही? मुलीत काही खोट आहे का? खरं सांगा."

गेटवर खंडोजींनी हजारो माणसांना हाच प्रश्न विचारला होता, खरं सांग. तो ऐकून घेणाऱ्याला कसं वाटतं, हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं.

"मुलीत नाही," ते म्हणाले. "खोट तिच्या बापात आहे. पण ती खोट लग्नात तुमच्याकडे येणार नाही. ती माझ्याबरोबर देवासलाच राहील."

बाईंनी दगड उचलून त्यांच्या पिशवीत परत टाकला. मग म्हणाल्या, "हात खाली करा, व्याही. खांदा निखळेल." आणि आत वळून चहाचं आधण ठेवायला गेल्या.

संध्याकाळच्या बसमध्ये बसण्याआधी खंडोजींनी स्टँडवरून घरी फोन लावला. नीतूने उचलला.

"रविवारी धारची मंडळी परत येणार आहेत," ते म्हणाले.

मग नीतू म्हणाली, "आबा, मी सांगितलं होतं. मी पोहे घेऊन बाहेर येणार नाही."

"तू बसून राहा. पोहे घेऊन मी बाहेर येईन."

पलीकडून नुसता नाकाने ओढलेला श्वास ऐकू आला. ती रडते आहे की हसते आहे हे कळेना. खंडोजींनी विचारलं नाही. बस सुटायची वेळ होईपर्यंत ते फोन कानाला लावून नुसते उभे राहिले.